वाळूत रमतगमत फिरायला कोणती क्वाड?

दिवाळी सरली की पुण्यातून राजस्थानकडे निघणाऱ्यांचे बेत पक्के व्हायला लागतात. या खेपेच्या पत्रांत क्वाडबद्दलचे, म्हणजे चार चाकांच्या मोकळ्या बाइकबद्दलचे प्रश्न बरेच आले. त्यातले पाच घेतले आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण पुढच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न (कोथरूड): आम्ही तिघे मित्र पन्नाशीच्या आसपासचे. दर डिसेंबरात जैसलमेरजवळ एका स्नेह्यांच्या शेतावर आठवडाभर मुक्काम असतो. आजवर भाड्याच्या क्वाड चालवल्या, आता एक विकत घेऊन तिथेच ठेवायची आहे. शर्यत लावायची नाही. सकाळी निघायचं, ४०-५० किलोमीटर रमतगमत फिरायचं, वाटेत चहा, दुपारी परत. मी एरवी बुलेट चालवतो. दोन जुन्या गाड्या पाहून ठेवल्या आहेत: यामाहा वायएफझेड ४५०आर आणि सुझुकी क्वाडस्पोर्ट झेड ४००. ४५० अगदी चकाचक आहे आणि किमतीत फारसा फरक नाही. मित्र म्हणतात, पन्नास सीसी जास्त मिळतायत तर सोडायचे कशाला?

उत्तर: मित्रांचा हिशेब सीसीवर चालला आहे, गफलत तिथेच आहे. या दोन गाड्यांत अंतर पन्नास सीसीचं नाही, जातीचं आहे. ४५० ही मोटोक्रॉसच्या ट्रॅकसाठी घडवलेली गाडी. तिची खरी ताकद इंजिन वरच्या फेऱ्यांवर गेलं की येते आणि पहिला गिअर लांब असतो. केर-खेजडीच्या झाडाझुडपांमधून, मऊ वाळूतून ताशी दहा-बारा किलोमीटरनं वाट काढताना त्या गिअरवर क्लच पूर्ण सोडता येत नाही, अर्धवट दाबून धरावा लागतो. असं पंधरा मिनिटं चाललं की क्लचप्लेटा तापतात, लिव्हरचा प्ले (क्लच लागण्याआधीची सैल हालचाल) बदलत जातो, जळक्या तेलाचा वास यायला लागतो. त्यानंतर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. बुलेट खालच्या फेऱ्यांवर डुगडुगत चालवायची सवय असलेल्या माणसाला हे फारच खटकेल.

शिवाय ४५०आरला रिव्हर्स नाही. दोन टेकाडांच्या मधल्या खोलगट जागेत नाक खाली करून गाडी थांबली, की पावणेदोनशे किलोंहून जड धूड हातानं मागे ओढायचं. तिघं मिळून एकदा जमतं. दिवसातून चारदा करावं लागलं तर चहाची मजा जाते. ती झेड ४०० पेक्षा चारेक बोटं रुंदही आहे. ट्रॅकवर हा गुण, वेड्या बाभळीच्या दोन झुडपांमधून जाताना दोष. सस्पेन्शन उंच उड्या झेलण्यासाठी ठेवलेलं असतं, त्यामुळे संथ चालीत वाळूवरच्या बारीक लाटा थेट मनगटात येतात.

झेड ४०० घ्या. ३९८ सीसीचं वॉटर-कूल्ड इंजिन, रेडिएटरला पंखा, पाच गिअर आणि रिव्हर्स, साधारण १० लिटरची टाकी. ओढ खालपासून मिळते, त्यामुळे दुसऱ्या गिअरवर क्लचला हात न लावता बराच वेळ जाता येतं. सुझुकीनं ही गाडी २०१५ मध्ये भारतात अधिकृतपणे आणली होती. त्या खेपेतली असेल तर कागदांची कटकट कमी. कावासाकीची केएफएक्स ४०० ही तिचीच जुळी बहीण आणि इंजिन सुझुकीच्याच डीआर-झेड ४०० मोटरसायकलच्या घराण्यातलं, त्यामुळे बाहेरून सुटे भाग मागवताना पर्याय मिळतात. परदेशात २००९ च्या मॉडेलपासून फ्युएल इंजेक्शन आलं, त्याआधीच्यांना कार्ब्युरेटर. तुमच्या वापराला दोन्ही चालतील.

शोधताना आणखी दोन नावं कानावर येतील. होंडाची टीआरएक्स ४०० एअर-कूल्ड आहे, ऑइल कूलर आणि कार्ब्युरेटरवाली. रेडिएटर, पाइप, पंखा काहीच नसल्यानं बिघडायला थोडंच उरतं आणि साध्या गॅरेजमध्येही ती उघडता येते. पण तिला रिव्हर्स २००५ पासून आला, साल बघून घ्या. भर दुपारी रांगत चालवली तर वारा न मिळाल्यानं ती तापते, अधूनमधून सावलीत दहा मिनिटं उभी करावी लागते. दुसरी यामाहाची रॅप्टर ७००. ६८६ सीसीचं एकच सिलिंडर, रिव्हर्स आहे, सस्पेन्शन ४५० पेक्षा मऊ. वाळवंटातल्या डकार रॅलीत, म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतीत, २०२४ पर्यंत क्वाडचा वर्ग होता, तिथे याच गाडीचा दबदबा होता. निवांत चालीलाही ती गोड आहे, मात्र अंगठा (क्वाडची रेस अंगठ्यानं दाबायची असते) जरा जास्त दाबला गेला की पुढची चाकं हलकी होतात. एकच गाडी तिघांनी आलटून पालटून चालवायची असेल तर आमचं मत ४०० च्याच बाजूनं.

आता ती जुनी झेड ४०० बघायची कशी? आधी सीट काढा. एअरबॉक्समधून, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यातून, फिल्टर बाहेर घ्या आणि इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीत ओल्या पांढऱ्या फडक्यानं आतून बोट फिरवा. फडक्यावर कणी लागली, दातात वाळू आल्यासारखी चरचरली, तर या इंजिनानं वाळू खाल्ली आहे. बाहेरून कितीही पॉलिश असो, पिस्टन-रिंगचा खर्च धरूनच बोला. मग इंजिन थंड असताना चालू करायला सांगा (विकणारे हमखास आधीच गरम करून ठेवतात, टाकीखाली हात लावून बघा). वरच्या बाजूनं खडखड येत असेल आणि गरम झाल्यावरही जात नसेल, तर कॅमचेनचा (इंजिनाच्या आतल्या साखळीचा) टेन्शनर, म्हणजे ती ताणून धरणारा भाग, बघावा लागेल. या इंजिनाचं ते ठाऊक असलेलं दुखणं आहे. उभ्या जागी चालू ठेवून पंखा आपोआप लागतो का ते पाहा. पंखा लागायच्या आधीच कूलंट उकळून ओव्हरफ्लोच्या बाटलीत यायला लागलं तर ताबडतोब बंद करा.

मागची बाजू जॅकवर घेऊन चाक हातानं फिरवा आणि टायरच्या कडेजवळ खडू धरा. खडू एका जागी घासतोय आणि एका जागी सुटतोय म्हणजे रिम वाकडी किंवा ॲक्सल वाकडा. दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर घट्ट असतात, त्यामुळे ॲक्सल वाकला की बेअरिंगही जातं. पुढचं चाक वर-खाली पकडून हलवा. टकटक आली तर बॉल जॉइंट गेला. फ्रेमला ए-आर्म (पुढचं चाक धरणारे त्रिकोणी दांडे) जिथे जोडतात तिथले वेल्डिंग नीट बघा. नेमका तेवढाच भाग ताजा रंगवलेला दिसला तर नखानं खरवडा. शेवटी कागद: आयात झालेली असेल तर बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टमचा आयातीचा कागद, नाहीतर डीलरचं मूळ बिल, आणि त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळायला हवा.

घेतल्यावर एकच बदल सुचवतो. पुढचं स्प्रॉकेट एका दातानं लहान करा. १४ दातांचं असेल तर १३. सगळे गिअर साधारण सात टक्के आखूड होतात. वरचा वेग जातो, तो तुम्हाला नकोच आहे. क्लचचं आयुष्य वाढतं. मोठा एक्झॉस्ट, एअरबॉक्सचं झाकण काढणं वगैरे सल्ले देणारे भेटतील. झाकण काढलं की आवाज वाढतो आणि वाळू आत येते, निवांत चालीत दुसरं काही पदरात पडत नाही. इंजिन ऑइल मात्र जासो एमए शिक्क्याचं (ओल्या क्लचच्या बाइकसाठीचं जपानी मानक), बाइकचंच. कारचं ऑइल टाकलं तर त्यातल्या निसरडेपणा वाढवणाऱ्या घटकांमुळे ओला, म्हणजे इंजिन ऑइलमध्येच बुडालेला क्लच सटकायला लागतो. या जातीच्या बऱ्याच इंजिनांत ऑइल वेगळ्या टाकीत साठतं, थंड असताना पातळी खोटी कमी दिसते आणि माणूस जास्त भरून बसतो. दोन-तीन मिनिटं चालवून, बंद करून मग मोजा.

बुलेटवाल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम. तोल गेल्यासारखं वाटलं की तुमचा पाय आपोआप जमिनीकडे जाईल. क्वाडवर तो पाय टेकला की गाडी पुढे सरकते आणि मागचं चाक पोटरीवर चढतं. फूटरेस्ट आणि मागचं टायर यांच्यामधली जागा झाकणारे नर्फ बार आणि जाळी बसवल्याशिवाय निघूच नका. दुसरं, मागच्या ॲक्सलला डिफरन्शिअल, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारी यंत्रणा, नाही. कडक जमिनीवर हळू वळताना हँडल वळवलं तरी गाडी सरळच जायला बघते. अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवा, बाहेरच्या फूटरेस्टवर वजन द्या आणि किंचित रेस द्या, म्हणजे आतलं चाक हलकं होऊन घसरतं आणि गाडी वळते. हे पहिल्या तासात अंगवळणी पडतं, पण तो तास कुंपणाजवळ नको.

प्रश्न (हडपसर): फोमचा एअर फिल्टर रोज धुवावा लागतो असं सांगतात. पेपर फिल्टर बसवला तर ही कटकट जाईल ना?

उत्तर: उलट वाढेल. वाळवंटातला त्रास दिसणाऱ्या वाळूपेक्षा फुफाट्याचा असतो, पिठासारखा. पेपर फिल्टर त्यानं पटकन चोंदतो आणि तिथल्या तिथे धुता येत नाही. तेल लावलेला फोम धूळ चिकटवून धरतो. कोरडा फोम मात्र फिल्टर नव्हे, ती चाळणी आहे; वाळूतला क्वार्ट्झ पोलादाच्या बहुतेक भागांपेक्षा कठीण, तो पिस्टनच्या रिंग आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) पॉलिश पेपरसारखे घासून काढतो. आधी ऑइल कमी व्हायला लागतं, मग निळा धूर, मग सकाळी गाडी चालू होईना.

पद्धत अशी. फिल्टर काढण्याआधी एअरबॉक्स ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर काढतानाच धूळ आत पडते. फिल्टर निघाला की नळीच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. फोम रॉकेलमध्ये दाबून दाबून धुवा. पिळायचा नाही, पिळला की जोड उसवतो. पेट्रोल वापरू नका, त्यानं जोडाचा डिंक सुटतो आणि भडक्याची भीती वेगळी. मग कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण, स्वच्छ पाणी, सावलीत पूर्ण वाळवणं. ओलसर फोमवर तेल बसत नाही. वाळला की जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ६०-७० मिली फोम फिल्टर ऑइल ओता आणि कणीक मळतात तसं बाहेरून मळा. सगळीकडे एकसारखा रंग आला पाहिजे. फिकट डाग म्हणजे तिथून धूळ जाणार. जास्तीचं दाबून काढा, अर्धा तास ठेवा, कडेला जिथे तो एअरबॉक्सवर टेकतो तिथे ग्रीसचं बारीक बोट फिरवा. ही कड विसरणारे पुष्कळ. फिल्टर स्वच्छ पण नळीत धूळ, असं दिसलं तर दोष नेहमी या कडेचा असतो.

रोज धुवायचा कंटाळा असेल तर तीन फिल्टर घ्या, पुण्याहूनच तेल लावून, पिशवीत बंद करून न्या. संध्याकाळी एक काढायचा, दुसरा बसवायचा. फिल्टर ऑइल मिळालं नाही तर इंजिन ऑइल चालेल, पण ते उन्हात ओघळून खाली जमतं, म्हणून एका दिवसापुरतंच. पुढच्याच्या फुफाट्यात गाडी चालवणं टाळलं तर निम्मा फिल्टर वाचतो. एक तर शंभरेक मीटर मागे राहा, नाहीतर वारा येतो त्या अंगानं चाला.

प्रश्न (पिंपरी): वाळूसाठी पॅडल टायर घ्यावेत का? आणि हवा किती? पंपावरचा मुलगा २५ भरू म्हणतो.

उत्तर: २५ भरली तर क्वाड चेंडूसारखी उडेल आणि टायरच्या बाजूवर लिहिलेली कमाल मर्यादाही ओलांडली जाईल. स्पोर्ट क्वाडची हवा ४ ते ५ पीएसआय असते, नेमका आकडा पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या स्टिकरवर बघा. पंपावरच्या गेजला एवढा कमी दाब कळत नाही. ० ते १० पीएसआयचं वेगळं गेज घ्या आणि सायकलचा हातपंप जवळ ठेवा. मऊ वाळूत ३ पर्यंत उतरवा, टायर पसरतं आणि वर तरंगतं. त्याखाली गेलात तर वळताना टायर रिमवरून सुटू शकतं. दगडाळ पट्टा आला की पुन्हा ५. मोजायचं ते सकाळी, टायर थंड असताना. डिसेंबरात पहाटे आणि दुपारी तिथे इतका फरक असतो की उन्हात मोजलेला आकडा फसवतो.

हवा जुळवूनही गाडी एका बाजूला ओढत असेल तर टेपनं मागच्या दोन्ही टायरांचा घेर मोजा. एकाच कंपनीचे, एकाच आकाराचे टायरही कधी दोन-तीन सेंटिमीटरनं वेगळे निघतात. ॲक्सल एकच असल्यानं लहान घेराच्या बाजूला गाडी वळत राहते. लहान टायरात थोडी जास्त हवा भरून घेर जुळवता येतो.

पॅडल टायर, म्हणजे वल्ह्यासारख्या उंच आडव्या पट्ट्यांचे टायर, नकोत. ते मोकळ्या, उंच टेकाडांवर चढायला असतात. तुमच्या वाटेत वाळू, मुरूम, शेताचे बांध असं मिश्रण असेल तर पॅडल कडक जमिनीवर आपटतात, फाटतात आणि क्लच-चेनवर नाहक भार टाकतात. मागे २०x१०-९ मापाचे, मध्यम खोल नक्षीचे साधे टायर पुरेत. काट्यांसाठी ट्यूबलेस पंक्चरच्या किमान दहा वाती, रीमर आणि कटर. वेड्या बाभळीचा काटा लगेच उपटू नका, आधी वात तयार ठेवा.

प्रश्न (बाणेर): सोसायटीतून टेकडीपर्यंत क्वाड चालवता येईल का? नंबर मिळतो का? मुलगा चौदा वर्षांचा आहे, डबलसीट बसवला तर?

उत्तर: तिन्हींना नाही. सार्वजनिक रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला मान्यता लागते. ती देणाऱ्या चाचण्या आपल्याच वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्ये होतात. स्पोर्ट क्वाड त्या नियमात बसत नाही, म्हणून नंबर नाही आणि सोसायटीच्या फाटकाबाहेर ती टेम्पोतूनच जायला हवी. छोट्या हत्तीच्या हौद्यात ती आरामात मावते: पहिल्या गिअरवर, पार्किंग ब्रेक लावून, चार रॅचेट पट्टे, पुढचं सस्पेन्शन थोडं दबेल इतके ताणून. पट्टे हँडलला नाही, फ्रेमला किंवा ए-आर्मला.

टेकड्यांवर, वनखात्याच्या जमिनीवर नको. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या आसपासची माळरानं मोकळी दिसतात, पण तो चिंकाऱ्यांचा मुलूख आहे. जैसलमेरकडेही डेझर्ट नॅशनल पार्क माळढोकाचं घर आहे आणि सीमेकडच्या पट्ट्यात परवानगीशिवाय फिरता येत नाही. जमिनीचा मालक 'हो' म्हणेल तिथेच चालवा.

मुलाचं म्हणाल तर मोठ्या क्वाडवर १६ वर्षांखालच्यांना बसवू नये असं उत्पादकच गाडीवर चिकटवून देतात. स्पोर्ट क्वाड एकट्यासाठीच असते. सीट लांब असते ती चालवणाऱ्यानं चढावर पुढे आणि उतारावर मागे सरकावं म्हणून. मागे दुसरा बसला की चढावर गाडी पुढून उचलते आणि दोघांच्या अंगावर उलटते.

प्रश्न (सिंहगड रोड): आमची कार्ब्युरेटरवाली क्वाड वर्षातले नऊ-दहा महिने राजस्थानात गोदामात उभी असते. दर वेळी पहिला दिवस मेकॅनिक शोधण्यात जातो. काय करावं?

उत्तर: दोष पेट्रोलचा आणि बॅटरीचा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत सुकलं की पायलट जेट, म्हणजे संथ चालीचं पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, चिकट थरानं बुजतं. हे जेटचं भोक केसाएवढं, म्हणून गाडी चोकवर चालते आणि चोक काढला की मरते. निघायच्या दिवशी पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा, मग वाटीखालचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढा. टाकीही रिकामी करा. बॅटरी काढून घरी आणा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. या गाड्यांना बहुधा किक नसते आणि मऊ वाळूत ढकलस्टार्ट होत नाही.

चेन ब्रशनं कोरडी साफ करून मेणाचा स्प्रे मारा. जाड ग्रीस लावलंत तर पुढच्या डिसेंबरात ती वाळूचा कागद झालेली असेल. चेन ताणताना स्वार बसलेला असू द्या. रिकाम्या गाडीवर नेमकी वाटणारी चेन सस्पेन्शन दबलं की आवळते आणि स्प्रॉकेटचे दात खाते. गाडी विटांवर घेऊन चाकं अधांतरी ठेवा, सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबा. उंदीर एअरबॉक्समध्ये घरटं करतात, तेव्हा तिथेही जाळी लावा, आणि हँडलला चिठ्ठी बांधून ठेवा: 'फडकं काढल्याशिवाय चालू करू नये.'